उसाच्या बेटावरचा एक वर्ग

मॉरिशसला उतरणारे विमान आग्नेय किनाऱ्यावरून आत वळते तेव्हा प्रवाळाच्या कठड्यावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ, तिच्या अलीकडचे उथळ, निवळशंख पाणी आणि त्या पाण्याला जवळजवळ टेकलेले उसाचे फड एवढेच प्रथम दृष्टीस पडते. बहुतेक प्रवाशांना तेथून समुद्रकिनारे गाठण्याची घाई असते. परंतु ज्याचे सारे आयुष्य तालुक्याच्या प्राथमिक शाळांतून हजेरीपट भरण्यात आणि फळे पुसण्यात गेले, अशा माझ्यासारख्याला त्या विमानतळाच्या निकटची एक दलदल कोणत्याही किनाऱ्याहून अधिक वंदनीय वाटली. माहेबूर या जवळच्याच गावी जॉर्ज क्लार्क नावाचे एक शाळामास्तर होते. सतराव्या शतकात या बेटावरून नामशेष झालेला डोडो पक्षी खरोखर कधी होता की ती खलाशांनी रचलेली कथा, अशी शंका विद्वानही घेऊ लागले होते. अशा वेळी 1865 साली या मास्तरांनी त्या दलदलीत मजूर उतरवले, कमरेइतक्या गढूळ पाण्यात अनवाणी पायांनी तळ चाचपायला लावला आणि चिखलातून डोडोची हाडे वर काढली. आज जगातील अनेक संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे उभे आहेत, त्यांतील कितीतरी हाडे त्या एका दलदलीतली. आपण राहतो त्या जमिनीखाली काय आहे याचे कुतूहल ज्याचे शमले नाही असा मास्तर, हे या बेटाने मला दिलेले पहिले दर्शन होय.

मी निघालो होतो तो पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, तेथे शिकवल्या जाणाऱ्या मराठीचा एक आठवडा पाहावा म्हणून. 1834 पासून पुढे सुमारे पाऊणशे-ऐंशी वर्षे या बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी हिंदुस्थानातून साडेचार लाखांवर माणसे करारावर आली. त्यांतील बहुसंख्य बिहार आणि मद्रासकडची असली, तरी मुंबई बंदरातून चढलेली रत्नागिरी-सावंतवाडीकडची कुटुंबेही होती आणि त्यांच्या वंशजांची वस्ती आजही या पश्चिम भागात विशेष आहे. आग्नेयेकडून पश्चिमेकडे जाणारा रस्ता मधल्या पठारावर चढतो, तेथे धुके आणि भुरभुर पाऊस लागतो, आणि पुन्हा खाली उतरताच ऊन कोरडे होते. दोन्ही बाजूंना मार्च महिन्यातला उंच, गर्द हिरवा ऊस. आणि त्या उसामध्ये ठिकठिकाणी काळ्या दगडांचे चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांचे ढीग. हे बेट ज्वालामुखीचे, म्हणून दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा पाषाण. जमीन लागवडीखाली आणण्यासाठी तो एकेक करून हातांनी उचलला गेला आणि फडातच रचला गेला. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ तिकडे बोट दाखवून क्रिओल बोलीत काही म्हणाले, मग थांबून, शब्द जुळवीत मराठीत म्हणाले, “आमचे आजा. त्यांचा आजा. ते सगळे दगड.” त्या तीन तुटक वाक्यांत क्रियापद एकही नव्हते, पण मला अर्थ लावण्यास श्रम पडले नाहीत.

ज्यांच्या घरी मी उतरलो त्यांचे आतिथ्य आपल्या कोकणातल्यासारखेच, फक्त आग्रहाची रीत निराळी. आपल्याकडे यजमान “अजून घ्या, अजून घ्या” म्हणतो. तेथे कोणी काही म्हणत नाही, ताट रिकामे झाले की निमूटपणे भरले जाते, आणि नको म्हणणे हा पाहुण्याचा अधिकार मानून कोणी मन मोडल्याचे दाखवीत नाही. सकाळी दारात फिरत्या गाडीवरून ढोल पुरी आली. चण्याची डाळ शिजवून, वाटून, पातळ पोळीत भरलेली ही वस्तू पुरणपोळीचीच बहीण, परंतु गुळाऐवजी तिखट-मिठाची. दोन पोळ्या एकावर एक, मध्ये मोठ्या पावट्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात आणि माणसे ती उभ्याउभ्या खातात. घरातल्या देवघरात गणपती, शेजारी विठ्ठल-रखुमाई. भिंतीवर गणेशचतुर्थीच्या मिरवणुकीचे छायाचित्र, त्यात फेर धरून नाचणारी माणसे. आपल्याकडील बाल्या नाच अथवा जाखडी तेथे झाकरी या नावाने टिकली आहे. घरातली बोलण्याची भाषा मात्र क्रिओल, वर्तमानपत्राची फ्रेंच, शाळेच्या पुस्तकांची इंग्रजी. फ्रेंच राजवट 1810 साली इंग्रजांनी जिंकली, पण तहात रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज राखण्याचे वचन दिले, त्यामुळे राज्यकर्ते बदलले तरी व्यवहाराचे बोलणे बदलले नाही. मराठी राहिली ती आरतीत, भजनात, आजीच्या तोंडी आणि शाळेतल्या एका तासापुरती.

त्या एका तासाचा आरंभ मी पाहिला तो मला अद्भुत वाटला. चौथीचा वर्ग गणित करीत बसलेला. घंटा झाली आणि एका क्षणात वर्गाच्या वाटण्या झाल्या. कोणी हिंदीच्या खोलीकडे, कोणी तमिळच्या, कोणी उर्दूच्या, कोणी अलीकडे 2012 पासून सुरू झालेल्या क्रिओलच्या तासाला. आणि सातआठ मुलांचा एक घोळका मराठीच्या बाईंकडे, व्हरांड्याच्या टोकाशी असलेल्या लहान खोलीत. कोणाच्याही चेहऱ्यावर विलगतेचा भाव नव्हता. बाकावर शेजारी बसणारी दोन मुले निरनिराळ्या दारांतून बाहेर पडली आणि तास संपताच पुन्हा शेजारी येऊन बसली. ज्या आमच्या देशात भाषेच्या नावाने माणसे एकमेकांकडे पाठ फिरवतात, तेथील मनुष्याने हे दृश्य लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे.

बाईंना मुले ‘मिस’ म्हणत, मला काय म्हणावे हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनीच निकाल दिला, “आजोबा म्हणा.” मोका येथील महात्मा गांधी संस्थेने तयार केलेली पाठ्यपुस्तके मुलांच्या पिशव्यांत होती, पण त्या आठवड्याचा विषय झाडे हा असल्याने बाईंनी पुस्तक मिटूनच ठेवले होते. पहिल्या दिवशी फळ्यावर एक मोठे झाड काढून मूळ, खोड, फांदी, पान, फूल, फळ, बी ही नावे झाली. मुलांचे उच्चार स्वच्छ होते. फक्त ‘ळ’ कोणाला जमत नव्हता, आणि ‘मूळ’ व ‘फळ’ म्हणताना प्रत्येकाची जीभ वर जाऊन अडखळून खाली येई.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरून एक पान आणायचे होते. कढीलिंब आला, आंब्याचे पान आले, अळू आले, पेरू आला. एका लहानखुऱ्या मुलीने शेवग्याची आख्खी डहाळी आणली होती. या बेटावर शेवग्याचा पाला हे घरोघरचे खाणे. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी कोणाच्याही ताटात तो असतो. “हे कशाचे पान?” बाईंनी विचारले. मुलीने क्रिओलमधले नाव सांगितले. “मराठीत?” ती गप्प. मग तिने उत्तर म्हणून एक कृती केली: डहाळीचे टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरले, उजव्या हाताची दोन बोटे देठावरून वरून खाली एका झपाट्यात ओढली, आणि सगळी बारीक पाने टेबलावर सांडली, देठ निखळ रिकामा. त्या हालचालीत इतक्या वर्षांची सवय होती की ती त्या मुलीच्या वयाला शोभत नव्हती; ती कोणाकडे पाहून शिकली हे सांगावे लागले नाही. बाईंनी ‘शेवगा’ हा शब्द फळ्यावर लिहिला, पण त्याआधी त्यांनी तीच कृती साऱ्या वर्गाकडून करवून घेतली. मी आमच्या खात्याच्या कितीतरी प्रशिक्षण शिबिरांना बसलो आहे आणि अनुभवातून ज्ञान या तत्त्वावर कितीतरी व्याख्याने ऐकली आहेत. ते तत्त्व इतक्या अल्प साधनांत उतरलेले क्वचितच पाहिले.

पुढले दिवस अशाच क्रमाने गेले. दह्याच्या रिकाम्या पेल्यांत कापूस भिजवून वाल टाकले गेले. एका दिवशी आभाळ भरून आले तेव्हा मुले खिडकीकडे पाहत चक्रीवादळाविषयी बोलू लागली. तेथे वादळाच्या इशाऱ्यांचे चार दर्जे आहेत आणि कोणत्या दर्जाला काय करायचे हे चौथीतल्या मुलाला तोंडपाठ असते, जसे आपल्या खेड्यातील मुलाला पावसाची नक्षत्रे पूर्वी असत. येत्या 12 मार्चच्या स्वातंत्र्यदिनासाठी तांबडा, निळा, पिवळा, हिरवा असा चौरंगी ध्वज कागदावर रंगवणे चालू होते. 1968 साली देश स्वतंत्र झाला तो याच तारखेला, आणि ही तारीख गांधीजींच्या दांडीयात्रेच्या प्रारंभाची म्हणून निवडली गेली असे तेथे सर्वजण अभिमानाने सांगतात. या साऱ्या काळात मला एक गोष्ट मात्र खटकत राहिली. मुले मराठीत उत्तरे देत, उत्तम देत. पण आपणहून मराठीत एकही वाक्य बोलत नसत. “हे काय आहे?” “हे पान आहे.” “पान कसे आहे?” “पान हिरवे आहे.” खोडरबर मागायचे झाले, भांडायचे झाले, हसायचे झाले की क्रिओल. मी बाईंजवळ हे बोललो. त्या म्हणाल्या, “आजोबा, वर्गात विचारण्यासारखं काय आहे? सगळं मीच आणते, त्यामुळे मला सगळं ठाऊक असतं, हे त्यांना कळतं. बागेत बघू.”

बाग म्हणजे बेटाच्या उत्तरेकडील पांप्लेमूसची. साऱ्या वर्गाची सहल होती, सगळ्या भाषांची मुले एका बसमध्ये. बस सुरू झाली तशी गाणी सुरू झाली, खिडक्यांच्या पट्ट्यांवर ठेका धरून मुले सेगा ही तिकडची लोकगीते म्हणू लागली; मागे बसलेल्या शिक्षिकाही टाळ्या देत होत्या. आपल्याकडे सहलीच्या गाडीत गुरुजन पुढे बसून मागे वळून दटावतात, हा भेद मला तेव्हाच जाणवला. पोर्ट लुई शहराजवळ डोंगरांची रांग उभी राहते. तिच्यातील पीटर बोथ नावाच्या शिखरावर एक प्रचंड धोंडा माणसाच्या मस्तकासारखा बसलेला आहे, आणि तो दिसताच सगळ्या मुलांनी त्या बाजूला धाव घेतली. परीला दिलेले वचन मोडले म्हणून दगड झालेल्या गवळ्याची गोष्ट तेथे प्रत्येक घरात सांगतात. त्यानंतर बंदर आले. जेथे मजुरांची जहाजे लागत आणि जेथील पायऱ्या चढून त्यांनी या भूमीवर पहिले पाऊल ठेवले, ते आप्रवासी घाट हे स्थान रस्त्यालगतच आहे; 2006 साली ते जागतिक वारसा म्हणून गणले गेले. बस तेथे थांबली नाही. बाई एवढेच म्हणाल्या, “ते पुढच्या वर्षी, पाचवीत.” मला ते योग्य वाटले. दुःखाची ओळख मुलांना करून द्यावीच, पण तिचीही इयत्ता असते.

पांप्लेमूसच्या बागेचा इतिहास विलक्षण आहे. 1735 साली फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने याने येथील वाडी घेतली ती जहाजांना भाजीपाला पुरवण्यासाठी. पुढे 1770 च्या सुमारास पिएर प्वाव्र या अधिकाऱ्याने डच लोकांनी प्राणपणाने राखलेली जायफळाची आणि लवंगेची रोपे मोलुका बेटांकडून चोरट्या मार्गाने मिळवून येथे रुजवली. त्या काळी जायफळाचे बी ही साम्राज्यांची मालमत्ता होती आणि ते बाहेर नेणे हा डचांच्या लेखी भयंकर गुन्हा होता. आज त्याच जातीच्या झाडाखाली मुले फळे वेचीत होती. पडलेले एक फळ माळ्याने उकलून दाखवले: वरचे साल पिवळे, जर्दाळूच्या रंगाचे, आत चकचकीत काळपट बी, आणि त्या बीवर रक्तासारख्या लाल जायपत्रीची जाळी. आमच्या रत्नागिरीकडच्या नारळी-पोफळीच्या आगरात हे झाड मी अनेकदा पाहिले आहे, तरी वर्गातल्या साऱ्या मुलांचे हात एकाच वेळी त्या लाल जाळीकडे गेले ते पाहून मलाही ते फळ प्रथमच पाहत असल्यासारखे वाटले.

मग वासांचा खेळ झाला. बाई दालचिनीचे पान चुरडीत, कापराचे चुरडीत, लवंगेचे चुरडीत. मुले डोळे मिटून हुंगीत आणि नाव सांगत. एका झाडाच्या पानाला दालचिनी, लवंग, जायफळ आणि मिरी या चारही मसाल्यांचा एकत्र वास येतो, ते नाकाशी धरताच उर्दूच्या वर्गातला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, “ब्रियानी!” आणि या उत्तराला कोणत्याही भाषेतल्या कोणाचीच हरकत नव्हती.

आमच्याकडील बाग-सहली मला पदोपदी आठवत होत्या. मुंबईच्या राणीच्या बागेत, पुण्याच्या एम्प्रेस बागेत मी स्वतः मुले नेली आहेत; रांग मोडू नये, कोणी हरवू नये, दिवेलागणीच्या आत घरी पोहोचावे या तीन काळज्यांत बाग कधी संपे ते कळत नसे. एका गुरुजींच्या वाट्याला पन्नाससाठ मुले असताना याहून वेगळे होणे कठीण, हे मी जाणतो आणि त्या गुरुजींना दोष देत नाही. परंतु झाडाजवळ थांबण्यास जो अवकाश लागतो तो मुलांना मिळवून देणे, हे शाळाखात्याच्या तपासणीत सर्वांत वरचे कलम असायला हवे असे माझे ठाम मत आहे.

राक्षसी कमळिणीच्या तळ्याशी आम्ही फार वेळ थांबलो. ॲमेझॉनकडून आलेल्या या वनस्पतीची पाने दीडदोन हात नव्हे, तर चांगली पुरुषभर रुंद. काठ सरळ वर उचललेला, परातीचा असावा तसा, आणि त्यात पावसाचे पाणी निघून जाण्यास खाच. माळ्याने काठीने एका पानाची कड उचलून खालची बाजू दाखवली: तांबूस शिरांचे जाड जाळे आणि त्यावर तीक्ष्ण काटे. बाईंनी सांगितले की याचे फूल दोनच संध्याकाळी उमलते. पहिल्या संध्याकाळी पांढरे असते, भुंगेरे त्याच्या वासाला भुलून आत शिरतात, फूल त्यांना आत घेऊन मिटते, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा उमलते तेव्हा गुलाबी झालेले असते. शेवग्याची डहाळी आणणारी मुलगी कठड्याला टेकून ऐकत होती. ती एकाएकी बाईंकडे वळली आणि म्हणाली, “मिस, भुंगेरा रात्री आत काय खातो?”

तो त्या आठवड्यातला पहिला प्रश्न होता, आणि मराठीत होता. भुंगेरा हा शब्द तिने क्षणापूर्वीच ऐकलेला. बाईंनी शाबासकी दिली नाही, आश्चर्य दाखवले नाही. जणू हे रोजचेच, अशा स्वरात उत्तर दिले की फुलाच्या आत पिठाळ, गोडसर भाग असतो तो खातो. लगेच दुसऱ्याने विचारले, “मग त्याला आई शोधते काय?” तिसऱ्याने विचारले, “फूल गुलाबी होते, त्याला लाज आली?” शेवटी टॅलिपॉट माडाच्या ओळीशी पोहोचेपर्यंत प्रश्नांचा पूरच लोटला होता. टॅलिपॉट हा दक्षिण हिंदुस्थान आणि सिंहलद्वीपाकडचा. तीस ते ऐंशी वर्षे नुसता वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो, लक्षावधी फुलांचा तुरा माथ्यावर धरतो आणि फळे पिकली की मरतो. त्याच्या पानांवर एके काळी पोथ्या लिहीत. एक वाळून उभा राहिलेला माड दाखवून एक मुलगा म्हणाला, “आजोबा, हा झाड मेला, तर त्याचा बाळ कुठे?” लिंग चुकले होते, वाक्य चुकले नव्हते. मी त्याला खाली मातीत शोधायला लावले. गोल फळे सापडली आणि चार भाषांच्या मुलांनी ती आपसांत वाटून घेतली.

अल्डाब्राहून आणलेली महाकाय कासवे, बागेतला मों प्लेझीरचा वाडा, त्याच्यापुढे देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्यावर 1985 साली अंत्यसंस्कार झाले ती जागा, हे सारे पाहून झाले; पण मुलांचे लक्ष आता बघण्याहून विचारण्याकडे अधिक होते, आणि कासवाचे वय किती यावरून हिंदीच्या व मराठीच्या मुलांत जो वाद जुंपला त्यात दोन्ही बाजू आपापल्या भाषेत सुरू करून क्रिओलमध्ये संपवीत होत्या.

भाषा जतन करावी असे आपण सभांतून म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुधा उत्तरे असतात: म्हणी, ओव्या, आरत्या, थोरांची नावे. तीही हवीत, त्या घरातल्या विठ्ठलापुढे म्हटली जाणारी आरती नसती तर व्हरांड्याच्या टोकाची ती खोलीही नसती. परंतु मुलाला ठाऊक नाही अशी एखादी गोष्ट त्याच्यापुढे उभी राहावी, आणि ती ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी बोलायला ही भाषा उपयोगी पडावी, हा योग आपण किती मुलांच्या वाट्याला येऊ देतो? महाराष्ट्रातल्या ज्या मुलांना मराठी जन्मतः मिळाली, त्यांतील कितीजण शाळेत तिच्यातून प्रश्न विचारतात, हे मी त्या तळ्याकाठी स्वतःला विचारले, आणि आमच्या वर्गांतील शांतता मला फार दीर्घ वाटली.

दुसऱ्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा पेल्यांतील वालांना कोंब फुटले होते. बाईंनी फळ्याच्या अर्ध्या भागावर मुलांचे सगळे प्रश्न, जसे विचारले तसेच, चुकांसह उतरवले होते. ठरलेला पुढचा पाठ बाजूला ठेवून त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात हा आठवडा घालवायचा, असा त्यांचा बेत होता. “वरून विचारणा झाली तर?” मी जुन्या सवयीने विचारले. “तर हा फळाच दाखवेन,” त्या म्हणाल्या आणि खडू त्या शेवग्याच्या मुलीच्या हाती दिला.

तिला आणखी एक प्रश्न लिहायचा होता, आणि त्यात ‘ळ’ होता; तो तिने तीनदा पुसून चौथ्यांदा नीट काढला.